रोग्यांचा कैवारी

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या दक्षिण भागात अरुंद दऱ्या एकमेकींना लागून समुद्राच्या दिशेने उतरत गेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात या दऱ्यांतून दगडी कोळशाच्या खाणी निघाल्या, आणि पाहता पाहता हिरव्या उतारांवर खाणींची धुराडी, काळ्या मातीचे ढिगारे व मजुरांच्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. ट्रेडीगर हे अशाच एका दरीतील गाव. या गावी 15 नोव्हेंबर 1897 रोजी एका खाणकामगाराच्या घरी अनायरिन बेव्हन यांचा जन्म झाला. पुढे पन्नास वर्षांनी याच मुलाने असा एक कायदा घडवून आणला, की ज्यामुळे त्या देशातील आजारी माणसाला डॉक्टरांच्या दारी जाण्यापूर्वी खिसा चाचपून पाहण्याची गरज उरली नाही.

अनायरिनचे वडील डेव्हिड बेव्हन हे खाणीत कोळसा काढण्याचे काम करीत. ते स्वभावाने मृदू, संगीताचे शौकीन व वाचनाचे मोठे भोक्ते होते. आई फीबी ही करारी व कष्टाळू बाई होती. शिवणकाम करून ती संसाराला हातभार लावी. या दांपत्यास दहा अपत्ये झाली. परंतु ती सर्वच काही वाढली नाहीत. काही बालवयातच दगावली. त्या काळी खाणकामगारांच्या वस्तीत लहान मुलांचे मृत्यू ही नित्याचीच गोष्ट होती. पाळणा हलला, की आनंदाबरोबर काळजीही घरात येई.

अनायरिन शाळेत जाऊ लागला, पण शाळेत त्याचे मन रमेना. याचे एक कारण असे, की तो बोलताना अडखळत असे. एखादे अक्षर ओठांशी येऊन थांबे, चेहरा लाल होई आणि वर्गात हशा पिके. मायेच्या शब्दापेक्षा शिक्षेचाच अनुभव त्याला शाळेत अधिक आला. चौदावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्याने शाळा सोडली आणि थोरल्या भावाबरोबर तो खाणीत उतरला.

खाणीतील काम म्हणजे जिवावरचे काम. पहाटे अंधारात पाळण्यात बसून जमिनीच्या पोटात जायचे, दिवसभर मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात कोळसा फोडायचा आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर वर यायचे. हिवाळ्यात कामाच्या दिवशी सूर्याचे दर्शन दुर्मीळच. केव्हा छत कोसळेल, केव्हा विषारी वायू साचून भडका उडेल, याचा नेम नसे. आणि या साऱ्या संकटांतून जो वाचे, त्याच्या छातीत कोळशाची धूळ हळूहळू घर करी.

परंतु या कष्टांतही अनायरिनला एक मोठा आधार मिळाला. ट्रेडीगरच्या कामगारांनी आपल्या तुटपुंज्या वेतनातून पै पै जमवून एक उत्तम ग्रंथालय उभारले होते. खाणीतून परतल्यावर अंगावरची काजळी धुऊन हा मुलगा तेथे जाई आणि हाताला लागेल ते पुस्तक वाचून काढी. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, काव्य, काहीही त्याला वर्ज्य नव्हते. आपल्या अडखळण्यावरही त्याने अशाच चिकाटीने उपाय शोधला. तो डोंगरावर एकांतात जाई आणि तेथे मोठमोठ्याने बोलण्याचा, कविता म्हणण्याचा सराव करी. एखादा शब्द जिभेवर येईनासा झाला, तर तो चटकन त्याच अर्थाचा दुसरा शब्द योजी. अशा रीतीने उणीव झाकता झाकता त्याच्याजवळ शब्दांचे भांडार साठत गेले. ज्या मुलाच्या बोलण्याला वर्ग हसत असे, तोच पुढे ब्रिटिश पार्लमेंटातील श्रेष्ठ वक्त्यांपैकी एक म्हणून गणला गेला.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच बेव्हन आपल्या खाणीतील कामगारांच्या संघटनेचे प्रमुख झाले. 1919 साली शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात गेले व तेथे त्यांनी दोन वर्षे अध्ययन केले. 1921 साली ते गावी परतले, तेव्हा सर्वत्र मंदीची छाया पसरली होती. खाणमालक या तरुण पुढाऱ्याला कामावर घेण्यास तयार नव्हते. सुमारे तीन वर्षे त्यांना कायमचे काम मिळाले नाही. याच काळात वडिलांची छाती धुळीने पोखरली गेली होती. त्यांना दोन पावले चालतानाही धाप लागे. 1925 साली या रोगानेच त्यांचा अंत झाला. आयुष्यभर खाणीत राबलेल्या या माणसाच्या आजारासाठी त्या वेळच्या कायद्यात भरपाईची कोणतीही तरतूद नव्हती. आपल्या डोळ्यांसमोर वडील श्वासासाठी तडफडताना बेव्हन यांनी पाहिले. तो देखावा ते जन्मभर विसरले नाहीत.

याच ट्रेडीगर गावात बेव्हन यांना रोग्यांच्या दुःखावरील उपायही पाहावयास मिळाला. तेथील कामगारांनी 1890 साली एक वैद्यकीय साहाय्य संस्था स्थापन केली होती. तिचा नियम अगदी साधा होता. प्रत्येक सभासदाने आपल्या मजुरीतील दर पौंडामागे तीन पेन्स संस्थेला द्यावयाचे. त्या काळी एका पौंडाचे 240 पेन्स होत. म्हणजे मजुरीच्या ऐंशी भागांपैकी केवळ एक भाग. ज्याची मिळकत अधिक तो अधिक देई, ज्याची कमी तो कमी देई. परंतु आजारपण आले म्हणजे सर्वांना सारखीच सेवा मिळे. या पैशातून संस्थेने डॉक्टर नेमले, औषधांची व दातांच्या उपचारांची सोय केली आणि गावच्या रुग्णालयाला साहाय्य केले. सभासदाची बायकामुलेही या सेवेची हक्कदार होती. गावातील बहुतेक सर्व कुटुंबे हळूहळू या संस्थेत सामील झाली.

बेव्हन यांनी गावच्या रुग्णालयाच्या समितीवर काम केले. हिशेबाच्या वह्या, औषधांची मागणी, रोग्यांच्या तक्रारी हे सर्व त्यांनी जवळून पाहिले. त्यातून एक गोष्ट त्यांच्या मनावर पक्की ठसली. माणूस धडधाकट असतो तेव्हा त्याला थोडे पैसे देणे जड जात नाही. परंतु तो अंथरुणाला खिळतो तेव्हा त्याची मिळकत थांबते आणि नेमका त्याच वेळी औषधपाण्याचा खर्च दारात येऊन उभा राहतो. तेव्हा सर्वांनी मिळून, निरोगी असताना, आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे बाजूस ठेवावेत आणि जो आजारी पडेल त्याच्यावर ते खर्चावेत, हाच न्याय्य मार्ग होय. एका लहानशा गावाला जे साधले, ते साऱ्या राष्ट्राला का साधू नये, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून मूळ धरून राहिला.

1929 साली बेव्हन मजूर पक्षाच्या वतीने एबू व्हेल मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून आले. या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व त्यांनी मृत्यूपर्यंत केले. 1934 साली जेनी ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या स्कॉटलंडमधील एका खाणकामगाराची कन्या असून स्वतःही पार्लमेंटच्या सभासद म्हणून निवडून आलेल्या होत्या. बेव्हन यांची वाणी तेजस्वी होती; पण ती तितकीच तिखटही होती. दुसऱ्या महायुद्धात चर्चिल यांच्यासारख्या लोकप्रिय पंतप्रधानांवरही ते निर्भयपणे टीका करीत. भारताला स्वातंत्र्य मिळावे, या मताचे ते पुरस्कर्ते होते.

महायुद्ध चालू असतानाच, 1942 च्या डिसेंबरात, सर विल्यम बेव्हरिज यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. हे बेव्हरिज बंगालातील रंगपूर येथे जन्मलेले होते. दारिद्र्य, रोग, अज्ञान, अस्वच्छता व बेकारी हे समाजाच्या मार्गातील पाच राक्षस असून युद्धानंतर त्यांच्याशी लढले पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. बाँबच्या वर्षावात घरेदारे गमावलेल्या जनतेला हा अहवाल आशेच्या किरणासारखा वाटला. तो विकत घेण्यासाठी लोकांनी दुकानापुढे रांगा लावल्या. 1945 च्या निवडणुकीत मजूर पक्ष मोठ्या बहुमताने विजयी झाला आणि पंतप्रधान ॲटली यांनी बेव्हन यांना आरोग्यमंत्री केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. मंत्रिमंडळात ते सर्वांत तरुण होते.

त्या वेळी ब्रिटनमधील रोग्यांची स्थिती कशी होती? 1911 च्या एका कायद्यान्वये कमी मिळकतीच्या कामगारांना डॉक्टरांची सेवा मिळत असे; परंतु त्यांच्या बायकामुलांना ती मिळत नसे. त्यामुळे घरात पैसा असला तरच डॉक्टर येई. कित्येक माता आपले दुखणे अंगावर काढीत आणि हाती चार पैसे आले, तर ते मुलांच्या औषधासाठी राखून ठेवीत. गरिबांकडून फी न घेणारे दयाळू डॉक्टर होते, हे खरे. पण साऱ्या देशाचे आरोग्य काही थोड्यांच्या दयेवर सोपवता येत नाही. रुग्णालये दोन प्रकारची होती. काही धर्मादाय देणग्यांवर चालत, तर काही नगरपालिकांच्या ताब्यात होती. धर्मादाय रुग्णालयांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत चालल्या होत्या. रोग्याला किती देणे परवडेल, याची चौकशी तेथे करण्यात येई. श्रीमंत शहरात नामांकित शल्यवैद्यांची गर्दी असे, आणि गरीब जिल्ह्यात एकही तज्ज्ञ मिळणे कठीण होई.

बेव्हन यांनी आपली योजना तीन तत्त्वांवर उभारली. ही सेवा सर्वांसाठी असावी; तिच्यात डॉक्टर, दवाखाना, औषधे, दात व डोळे यांची तपासणी असे सर्व उपचार यावेत; आणि उपचार घेताना रोग्याकडून पैसे मागू नयेत. खर्चाचा मोठा भाग देशाच्या करांतून भागवावा, म्हणजे श्रीमंतावर त्याचा भार अधिक पडेल आणि गरिबावर कमी. ट्रेडीगरच्या तीन पेन्सांचेच हे विशाल रूप होते.

देशातील सर्व रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची करावीत, असे त्यांनी मंत्रिमंडळात सुचवले, तेव्हा प्रथम त्यांच्याच पक्षातून विरोध झाला. ज्येष्ठ मंत्री हर्बर्ट मॉरिसन यांचे मत असे होते, की नगरपालिकांनी मेहनतीने वाढवलेली रुग्णालये त्यांच्याकडेच राहावीत. बेव्हन यांनी दाखवून दिले, की ज्या गावाची तिजोरी लहान त्या गावाचे रुग्णालयही दुबळेच राहणार, आणि माणूस कोणत्या गावी आजारी पडला यावर त्याचे जगणेमरणे ठरणार. अखेर त्यांचे म्हणणे मान्य झाले. 1946 च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा संमत झाला आणि इंग्लंड व वेल्समधील सुमारे 2,700 रुग्णालये एका व्यवस्थेखाली आणण्याचे ठरले. स्कॉटलंडसाठी तसाच स्वतंत्र कायदा करण्यात आला.

परंतु कायदा कागदावर उतरणे निराळे आणि तो अमलात येणे निराळे. डॉक्टरांवाचून आरोग्य सेवा चालणार कशी? आणि डॉक्टरांची बलाढ्य संघटना, ब्रिटिश मेडिकल असोसिएशन, या योजनेच्या विरुद्ध उभी होती. त्यांची भीती अगदीच निराधार होती असे नाही. आपण सरकारचे पगारी नोकर होऊ, सरकार सांगेल तेथे जावे लागेल, रोगी व डॉक्टर यांच्या नात्यात अधिकारी ढवळाढवळ करतील, असे त्यांना वाटत होते. त्या काळी डॉक्टर निवृत्त झाला म्हणजे आपला चालू दवाखाना दुसऱ्या डॉक्टरास विकत असे. ती रक्कम हीच पुष्कळांच्या म्हातारपणाची पुंजी होती. नव्या कायद्याने ही विक्री बंद होणार होती. 1948 च्या फेब्रुवारीत संघटनेने सभासदांची मते मागवली, तेव्हा दर दहा डॉक्टरांपैकी जवळजवळ नऊ डॉक्टरांनी योजनेच्या विरुद्ध मत दिले. सेवा सुरू होण्याचा दिवस 5 जुलै हा ठरला होता आणि तो केवळ पाच महिन्यांवर आला होता.

ही बेव्हन यांच्या कसोटीची वेळ होती. रागाच्या भरात ते योजना मोडून बसले असते, किंवा घाबरून त्यांनी ती पुढे ढकलली असती, तर कोणाला फारसे आश्चर्य वाटले नसते. पण त्यांनी दोन्ही मार्ग टाळले. कोठे नमते घ्यावे आणि कोठे घेऊ नये, याचा त्यांनी शांतपणे विचार केला. रुग्णालयातील तज्ज्ञांना सरकारी सेवा सांभाळून काही खासगी रोगी पाहण्याची मुभा त्यांनी दिली. साध्या डॉक्टरांना नोकर न करता त्यांच्या यादीत जितके रोगी असतील त्या मानाने मोबदला देण्याचे ठरवले. त्यांना पूर्ण पगारी नोकर करण्यात येणार नाही, अशी हमी त्यांनी कायद्यातच घालण्याचे कबूल केले. दवाखाने विकण्याचा हक्क गेल्याबद्दल डॉक्टरांना भरपाई म्हणून 6 कोटी 60 लाख पौंड बाजूस काढून ठेवण्यात आले. वैद्यांच्या एका जुन्या व मान्यवर संस्थेचे अध्यक्ष लॉर्ड मोरन यांनी या तडजोडीत मोलाचे साहाय्य केले. पैसा, पद्धत, मानपान या सर्वांबाबत बेव्हन मागे सरले. सेवा सर्वांसाठी व विनामूल्य असावी, या मूळ तत्त्वावरून मात्र ते तिळमात्र ढळले नाहीत. मे महिन्यात पुन्हा मते घेण्यात आली, तेव्हा विरोध पुष्कळच ओसरला होता.

ऐन यशाच्या उंबरठ्यावर मात्र बेव्हन यांच्या हातून एक चूक घडली. सेवा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मँचेस्टर येथे केलेल्या भाषणात, आपल्या तरुणपणीच्या हालअपेष्टा आठवून, त्यांनी विरोधी हुजूर पक्षाबद्दल अत्यंत कठोर व अशोभनीय शब्द वापरला. त्या एका शब्दाने देशभर खळबळ उडाली. शब्दांवर विलक्षण प्रभुत्व असलेल्या या पुरुषाचा जिभेवर ताबा राहिला नाही, याचे त्यांच्या मित्रांनाही वाईट वाटले. पुढे कित्येक वर्षे विरोधकांनी या शब्दाची आठवण करून देऊन त्यांना टोचले.

5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. मँचेस्टरजवळच्या पार्क रुग्णालयात बेव्हन यांनी तिचा आरंभ केला आणि तेथे उपचार घेत असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीची विचारपूस केली. या नव्या सेवेतील पहिल्या रोग्यांमध्ये तिची गणना झाली. त्या दिवसापर्यंत देशातील बहुसंख्य लोकांनी डॉक्टरांकडे आपली नावे नोंदवली होती, आणि ज्यांनी एवढा विरोध केला ते डॉक्टरही बहुतांशी सेवेत सामील झाले होते.

मग लोकांची रीघ लागली. दुखणी नवी नव्हती. ती वर्षानुवर्षे अंगावर काढलेली होती. स्वस्त मालाच्या दुकानात जाऊन, एकामागून एक चष्मा डोळ्यांवर चढवून, ज्यातून थोडेफार दिसेल तो विकत घेणाऱ्या म्हाताऱ्यांना आता डोळे तपासून खरा चष्मा मिळू लागला. पहिल्या वर्षातच पन्नास लाखांहून अधिक चष्मे देण्यात आले आणि ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी दातांवर उपचार करून घेतले. जे दुःख आजवर घराच्या चार भिंतींत दडून राहिले होते, ते या आकड्यांनी जगाला दाखवून दिले.

पण याच आकड्यांतून एक बिकट प्रश्न उभा राहिला. खर्चाचा अंदाज साफ चुकला होता. युद्धाने देश कर्जबाजारी झाला होता, आणि सेवेचा खर्च तर वरचेवर वाढतच होता. 1949 साली औषधांच्या चिठ्ठीवर थोडे शुल्क बसवण्याचा अधिकार सरकारने कायद्याने घेतला. बेव्हन यांनी ही गोष्ट नाइलाजाने मान्य केली. परंतु ते शुल्क प्रत्यक्षात बसू मात्र दिले नाही. 1951 च्या आरंभी त्यांच्याकडे आरोग्याऐवजी मजूर खाते सोपवण्यात आले. त्याच सुमारास कोरियात युद्ध पेटले होते आणि ब्रिटनने तीन वर्षांत शस्त्रास्त्रांवर 470 कोटी पौंड खर्च करण्याचे ठरवले होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी अंदाजपत्रक मांडले. चष्मे व दातांच्या कवळ्या यांची निम्मी किंमत लोकांनी द्यावी, अशी तरतूद त्यात होती. त्यातून त्या वर्षी 1 कोटी 30 लाख पौंड वाचणार होते.

गेट्सकेल यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. तिजोरीतील पैशाला मर्यादा असते, आणि एका कामावर केलेला खर्च दुसऱ्या कामातून कापावा लागतो, ही त्यांची विवंचना खोटी नव्हती. पण बेव्हन यांना वाटले, की शस्त्रांच्या अफाट खर्चापुढे ही बचत अगदी क्षुल्लक आहे आणि तिच्यासाठी एक मोठे तत्त्व मोडले जात आहे. आज चष्म्याला किंमत लावली, तर उद्या औषधाला लागेल, आणि गरीब माणूस पुन्हा खिसा चाचपू लागेल. मंत्रिमंडळाने त्यांचे ऐकले नाही. तेव्हा त्यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सन व जॉन फ्रीमन हे दोन सहकारीही बाहेर पडले. त्यांपैकी विल्सन पुढे पंतप्रधान झाले. बेव्हन यांची भीती अनाठायी नव्हती. 1952 साली, हुजूर पक्षाच्या राजवटीत, औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क बसलेच. तथापि डॉक्टरांची भेट आणि रुग्णालयातील उपचार विनामूल्यच राहिले. बेव्हन यांनी घातलेला पाया हलला नाही.

यानंतर बेव्हन पुन्हा मंत्री झाले नाहीत. 1959 साली ते आपल्या पक्षाचे उपनेते झाले; पण तोवर असाध्य रोगाने त्यांना ग्रासले होते. 6 जुलै 1960 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी स्थापन केलेल्या सेवेला आदल्याच दिवशी बारा वर्षे पूर्ण झाली होती.

ट्रेडीगरजवळच्या डोंगरावर, जेथे ते आपल्या मतदारांपुढे भाषण करीत, तेथे चार प्रचंड शिळा उभ्या आहेत. मधली मोठी शिळा बेव्हन यांची आणि तिच्या भोवतालच्या तीन त्यांच्या मतदारसंघातील तीन गावांच्या. त्यांचे खरे स्मारक मात्र ती आरोग्य सेवाच होय. तिच्या उभारणीत पुढील काळात भारतातून गेलेल्या हजारो डॉक्टरांचे व परिचारिकांचे हात लागले. त्यांत मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलेही अनेक होते. तिच्यात उणिवा आहेत. शस्त्रक्रियेसाठी कधी कधी दीर्घ काळ वाट पाहावी लागते, आणि वाढत्या खर्चाचा प्रश्न दर पिढीला नव्याने सोडवावा लागतो. तरीही उपचार घेताना पैशाची अट नसावी, हे तिचे तत्त्व टिकून आहे.

हा विचार केवळ ब्रिटनमध्येच झाला असे नाही. ज्या वर्षी बेव्हन यांचा कायदा संमत झाला, त्याच 1946 साली भारतातील आरोग्याची पाहणी करणाऱ्या एका समितीने आपला अहवाल सादर केला. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही माणूस योग्य उपचारांना मुकू नये, हेच तत्त्व त्या समितीनेही पुढे ठेवले होते. ते पूर्णपणे प्रत्यक्षात आणण्याचे काम आपल्या देशात अजून संपलेले नाही.

एका कोळशाच्या गावाने मजुरीतील तीन पेन्स बाजूस काढून एकमेकांची दुखणी वाटून घेतली. त्या गावच्या एका मुलाने ती रीत साऱ्या राष्ट्राला शिकवली. पुष्कळ गोष्टींत त्याने तडजोड केली. पण रोग्याच्या हक्काचा प्रश्न आला, तेव्हा हातचे मंत्रिपदही सोडले. म्हणूनच वेल्सच्या त्या दऱ्यांत आजही त्याचे नाव घरच्या माणसाच्या नावासारखे आपुलकीने घेतले जाते.